स्वतंत्र कलावंताची बिदागी : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

कोणत्याही ध्वनिमुद्रिका कंपनीशी बांधील नसलेल्या, स्वतःच्या खर्चाने संगीत करून ते स्वतःच लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्या कलावंतांची बरीच पत्रे गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आली. ‘माझ्या संगीतावर मला जगता येईल का’ या एकाच प्रश्नाची ती निरनिराळी रूपे आहेत, असे ती सलग वाचताना जाणवले. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : मी स्वतः गीते लिहिते, त्यांना चाली लावते आणि गाते. माझे एक गाणे गेल्या वर्षभरात स्ट्रीमिंगवर दोन लाखांहून अधिक वेळा ऐकले गेले. परंतु हाती आलेल्या रकमेतून ध्वनिमुद्रणाचा खर्चही निघाला नाही. एका श्रवणामागे नेमका किती दर मिळतो, असे माझी गाणी या सेवांपर्यंत पोहोचवणाऱ्या वितरकाला विचारले, तर तो म्हणतो की असा ठरलेला दरच नसतो. ही फसवणूक आहे का?

उत्तर : नाही, वितरकाने आपल्याला खरे तेच सांगितले आहे, मात्र त्याने अर्धेच सांगितले आहे. स्पॉटिफायसारख्या सेवा एका श्रवणाचा भाव ठरवून पैसे देत नाहीत. वर्गणी आणि जाहिराती यांतून महिन्याला जे उत्पन्न जमते, त्यातील सुमारे दोन तृतीयांश भाग हक्कधारकांसाठी बाजूला काढला जातो आणि त्या महिन्यातील एकूण श्रवणांत ज्याचा जेवढा हिस्सा, त्याला त्या प्रमाणात त्या गंगाजळीतून वाटा मिळतो. म्हणजे आपली श्रवणसंख्या वाढली, पण इतरांची त्याहून अधिक वाढली, तर आपला वाटा घटतो. एखाद्या श्रोत्याने महिनाभर केवळ आपलेच गाणे ऐकले, तरी त्याची वर्गणी आपल्याकडे येत नाही. ती त्या एकत्रित रकमेत मिसळते आणि तिचा बहुतांश भाग सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्यांकडे जातो. या पद्धतीवरील आक्षेप जुना आहे. साउंडक्लाउड या स्ट्रीमिंग सेवेने २०२१ मध्ये प्रत्येक श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्या कलावंतांतच वाटण्याची वेगळी पद्धत सुरू केली. परंतु बहुतेक मोठ्या सेवांनी ती स्वीकारलेली नाही. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायवर एक उंबरठाही आला आहे : मागील बारा महिन्यांत किमान १,००० श्रवणे न झालेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणापोटीचे काहीही मिळत नाही. आपले गाणे त्याच्या पुष्कळ पुढे आहे. पण ज्यांची वीस गाणी प्रत्येकी नऊशेवर अडकली आहेत, त्यांच्या वाट्याला शून्य येते.

आता उरलेले अर्धे. वितरकामार्फत आपल्याला जे मिळते, ते केवळ ध्वनिमुद्रणाचे पैसे असतात. परंतु त्याच श्रवणातून गीत आणि चाल यांच्यासाठीही एक स्वतंत्र, तुलनेने लहान वाटा निघतो आणि तो वितरकाकडे जात नाही. तो गीतकार व संगीतकार यांच्या वतीने वसुली करणाऱ्या हक्कसंस्थांमार्फत किंवा रचनांचे हक्क सांभाळणाऱ्या प्रकाशकामार्फत येतो. आपण गीतकार, संगीतकार आणि गायिका तिन्ही आहात, तरी पत्रावरून असे दिसते की आपण केवळ गायिकेचे आणि निर्मातीचे पैसे उचलले आहेत. हक्कसंस्थेचे सदस्यत्व घेऊन प्रत्येक रचना तेथे नोंदवावी. जुनी येणी मागता येण्याला मुदत असते, म्हणून हे काम पुढच्या गाण्यापर्यंत लांबवू नये.

एवढे केल्यावरही स्ट्रीमिंगचे उत्पन्न आपले घर चालवील, असे मला वाटत नाही. दात कोरून पोट भरत नाही. दोन लाख श्रवणांची खरी किंमत त्या रकमेत नसून त्यामागे असलेल्या माणसांत आहे. ती माणसे कोणत्या शहरांत आहेत, हे या सेवा कलावंतांना आकडेवारीतून दाखवतात आणि पुढचा कार्यक्रम कोठे ठेवावा, याचे उत्तर त्या आकडेवारीत मिळते.

प्रश्न : काही संस्था पैसे घेऊन श्रवणसंख्या वाढवून देण्याची हमी देतात. सुरुवातीला असा आधार घ्यावा का?

उत्तर : अजिबात घेऊ नये. अशी श्रवणे यंत्रांनी केलेली असतात. ती उघडकीस आली की गाणे काढून टाकले जाते, त्यावरची रक्कम रोखली जाते आणि २०२४ पासून स्पॉटिफाय अशा ठळक प्रकरणांत वितरकाकडून गाण्यामागे दंडही घेते, जो वितरक शेवटी आपल्याकडूनच वसूल करतो. शिवाय आपली आकडेवारी कायमची खोटी होते आणि आपले खरे श्रोते कोठे आहेत, हे आपल्यालाच कळेनासे होते.

प्रश्न : आम्ही चार मित्र मिळून गाणी करतो. चाल बहुधा एकाला सुचते, शब्द दुसऱ्याचे असतात, वाद्यसंयोजन सर्व मिळून करतो. आजवर जे मिळाले ते सारखे वाटून घेतले. आता एका जाहिरातीसाठी आमच्या गाण्याची विचारणा झाली आहे आणि मालक कोण, असे त्यांनी विचारले आहे. काय सांगावे?

उत्तर : प्रथम हे समजून घ्यावे की एका गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, अर्थात शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्या रचनेचे विशिष्ट ध्वनिमुद्रण. तीच रचना उद्या दुसऱ्या कोणी गायिली, तर त्या नव्या ध्वनिमुद्रणाचा मालक वेगळा असेल. पण रचनेचे पैसे मूळ गीतकार-संगीतकारांनाच मिळत राहतील. जाहिरात किंवा चित्रपट यांना दृश्यासोबत गाणे वापरण्यासाठी दोन्ही परवानग्या लागतात. मोठ्या कंपन्यांच्या गाण्यांत या दोन परवानग्या दोन वेगळ्या दारांवर मागाव्या लागतात आणि त्यात आठवडे जातात. आपल्यासारख्या गटाकडे दोन्ही हक्क एकत्र असतात आणि एका सहीत काम होऊ शकते. जाहिरातवाल्यांना घाई असते, त्यामुळे हा आपला मोठा लाभ आहे. मात्र तो तेव्हाच मिळतो, जेव्हा चौघांत कोणाचा किती वाटा आहे हे आधी लिहून ठेवलेले असते.

येथे माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण तो मला महागात पडला. तरुणपणी आम्ही पाच जणांनी केलेल्या एका गाण्याला अशीच मागणी आली होती. आमच्यात काहीच लिहिलेले नव्हते. एक वादक गट सोडून गेला होता आणि त्याचा पत्ता लागत नव्हता. सही कोणाकोणाची हवी, यावर आम्ही चौघे भांडत राहिलो आणि तोवर त्या लोकांनी दुसरे गाणे घेतले. त्या वादकाचा वाटा एक दशांश धरावा की एक पंचमांश, हा आमचा वाद त्यानंतरही महिनाभर चालला, हे सांगताना आज हसू येते.

म्हणून ध्वनिमुद्रण संपण्यापूर्वीच एका पानावर गाण्याचे नाव, रचनेत प्रत्येकाचा टक्का, ध्वनिमुद्रणात प्रत्येकाचा टक्का आणि बाहेरच्यांना परवानगी देण्याचा अधिकार कोणाला, एवढे लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. सारखी वाटणी करायची असली, तरी तसे लिहावे. बाहेरून बोलावलेल्या साथीदाराला ठरावीक मानधन दिले असेल, तर त्याचा पुढे हक्क राहील की नाही, तेही नोंदवावे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षरांकांचा आयएसआरसी क्रमांक असतो आणि रचनेला आयएसडब्ल्यूसी हा वेगळा क्रमांक मिळतो. दोन्ही त्याच पानावर लिहून ठेवावेत, कारण जगभरातील येणी याच क्रमांकांवरून जुळवली जातात. नावाच्या स्पेलिंगमधील एका अक्षराच्या फरकामुळे पैसे बेवारस पडून राहिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे की, नोंदणी केली नसेल तर हक्कच नाहीत का. तसे नाही. १८८६ च्या बर्न करारातील सदस्य देशांत स्वामित्वहक्क रचना निर्माण होताच लागू होतो, त्यासाठी नोंदणीची अट नाही. नोंदणी लागते ती वसुलीसाठी. हक्क असणे आणि पैसे हाती येणे, यांतले अंतर किती असते, याची एक जुनी गोष्ट आहे. १८४७ मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत गीतकार एर्नेस्ट बूर्जे आणि त्यांचे संगीतकार मित्र बसले असता तेथील वाद्यवृंद त्यांच्याच रचना वाजवीत होता. आमच्या संगीताचे तुम्ही काही देत नाही, मग आम्हीही बिल देणार नाही, असे म्हणून त्यांनी पैसे नाकारले आणि पुढे न्यायालयाने बूर्जे यांची बाजू उचलून धरली. पण एकट्या गीतकाराने प्रत्येक कॅफेत जाऊन वसुली कशी करायची? त्या अडचणीतून १८५१ मध्ये सासेम ही संस्था उभी राहिली आणि आजच्या हक्कसंस्था तिच्याच वळणावर चालतात.

प्रश्न : कार्यक्रमासाठी किती मानधन सांगावे, हे मला कळत नाही. अनेक आयोजक म्हणतात, पैसे नाहीत, पण प्रसिद्धी मिळेल. नकार दिला तर पुन्हा बोलावणार नाहीत, अशी भीती वाटते.

उत्तर : मानधन ठरवताना मंचावरची चाळीस मिनिटे मोजण्याची चूक बहुतेक जण करतात. तालमी, प्रवास, वाद्यांची ने-आण, साउंड चेक, ताटकळणे आणि परतीचा प्रवास हे सर्व तास मोजावेत. त्यांत साथीदारांचे मानधन आणि प्रत्यक्ष खर्च मिळवावा. जो आकडा येईल त्याखाली गेल्यास आपण पदरचे पैसे घालून गात आहात, हे निदान आपल्याला ठाऊक असावे. आयोजक नवखा असेल, तर एक किमान रक्कम आणि तिकीटविक्री ठरावीक मर्यादेपुढे गेल्यास त्यात वाटा, अशी रचना दोघांनाही सोयीची ठरते. काही भाग आगाऊ घ्यावा आणि कार्यक्रम रद्द झाल्यास तो परत न करण्याची अट एका ओळीत का होईना, लेखी ठेवावी. पैशाचे बोलणे शक्यतो फोनवर करू नये. फोनवर झाले असेल, तर लगेच लेखी संदेश पाठवून त्यावर होकार घ्यावा.

प्रसिद्धीच्या आमिषाबाबत माझी कसोटी साधी आहे. ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याला पैसे मिळणार आहेत का, सभागृहाचे भाडे दिले जाणार आहे का, हे विचारावे. उत्तर होय असे आले, तर पैसे आहेत. केवळ आपल्यासाठी नाहीत. जेथे खरोखर कोणीच काही घेत नाही, असे एखादे काम आपल्या मनाला पटले तर जरूर विनामूल्य करावे. परंतु तेव्हाही आपले नेहमीचे मानधन किती आणि ते आपण सोडले आहे, हे आयोजकाला कळवावे. जो केवळ फुकट मिळते म्हणून बोलावतो, तो पुढच्या वेळी दुसरा फुकट येणारा शोधतो. त्याला गमावण्याची भीती नसावी.

दोन गोष्टी बहुतेकांच्या लक्षात येत नाहीत. एक, आपण मंचावर स्वतःच्या रचना सादर केल्या, तर त्या सादरीकरणाचे रचनाकार म्हणून वेगळे पैसे निघू शकतात. सादर केलेल्या गाण्यांची यादी हक्कसंस्थेकडे पाठवावी लागते. दुसरी, कार्यक्रम संपल्यावर दाराशी मांडलेल्या छोट्या टेबलावरची विक्री. ध्वनिमुद्रिका, स्वाक्षरी केलेली गीतपुस्तिका किंवा कपडे यांवर मिळणारा नफा कित्येकदा मानधनाच्या बरोबरीला येतो. त्यासाठी टेबलावर बसायला विश्वासू माणूस हवा, कारण कार्यक्रम संपताच आपल्याला लोकांशी बोलायचे असते.

प्रश्न : एका कंपनीने मला मोठी आगाऊ रक्कम देऊ केली आहे आणि गाण्यांच्या उत्पन्नातील पंधरा टक्के देण्याचे मान्य केले आहे. घरचे सर्व आनंदात आहेत. मी सही करावी का?

उत्तर : करार न पाहता सही करा किंवा करू नका, असे सांगणे योग्य होणार नाही; पण आगाऊ रक्कम म्हणजे बक्षीस नव्हे, हे घरच्यांनाही समजावून सांगावे. ती आपल्या भावी वाट्यातून वळती केली जाते. समजा, कंपनीने शंभर दिले. आपला वाटा पंधरा टक्के असल्यामुळे आपल्या खात्यातील ते शंभर फिटण्यासाठी गाण्यांनी सुमारे सहाशे सदुसष्ट मिळवावे लागतील. तोवर आपल्या हाती नवे काहीच येणार नाही. कंपनीने मात्र आपले शंभर वजा जाता पाचशे सदुसष्ट कमावलेले असतील. अनेक करारांत ध्वनिमुद्रणाचा, चित्रफितीचा आणि प्रसिद्धीचा खर्चही याच रीतीने आपल्या वाट्यातून वळता होतो. अशा करारातून कर्ज फिटत नाही, अशी तक्रार कलावंत करतात, तेव्हा कंपनी तोट्यात असते असे मुळीच नाही.

त्यामुळे टक्केवारीपेक्षा मी पुढील गोष्टींकडे अधिक लक्ष देईन. हक्क कायमचे विकले जात आहेत की ठरावीक वर्षांसाठी वापरायला दिले जात आहेत? मुदत संपल्यावर ध्वनिमुद्रणे आपोआप परत येतील का? ध्वनिमुद्रणाबरोबर रचनेचे हक्कही त्यात गुंफले आहेत का? कार्यक्रम आणि वस्तुविक्री यांच्या उत्पन्नातही कंपनी वाटा मागते का, आणि मागत असेल तर त्या बदल्यात ती काय करणार आहे? कंपनीने गाणी प्रकाशितच केली नाहीत, तर आपण मोकळे व्हाल का? हिशेबाच्या वह्या तपासण्याचा अधिकार आपल्याला आहे का? स्वामित्वहक्काचे काम करणाऱ्या वकिलाची फी आगाऊ रकमेच्या मानाने अगदी किरकोळ असते. कंपनीने सुचवलेला वकील मात्र घेऊ नये. ‘उद्यापर्यंत सही करा’ असा आग्रह होत असेल, तर तेवढ्या एका कारणासाठीही मी थांबेन.

प्रश्न : मी व्हायोलिन वाजवतो. उत्पन्नासाठी शिकवण्या घ्याव्या लागतात. आपण कलावंत म्हणून कमी पडलो, असे वाटत राहते.

उत्तर : पूर्वीही फार थोडे वादक केवळ मैफलींवर जगले. शिकवणी हे आपल्या सर्व मिळकतींतील सर्वात नियमित उत्पन्न आहे आणि तेच आपल्याला कमी पैशांचा वाईट कार्यक्रम नाकारण्याचे बळ देते. फक्त दोन बाबी सांभाळाव्यात : सकाळचे रियाजाचे तास विद्यार्थ्यांना देऊ नयेत आणि शुल्क महिन्याच्या सुरुवातीला घ्यावे.

प्रश्न : श्रोत्यांकडून थेट पैसे मिळवण्याच्या सेवांविषयी पुष्कळ ऐकतो. त्यात कितपत तथ्य आहे? आणि व्हिडिओंच्या जाहिरातींचे काय?

उत्तर : तथ्य आहे, आणि माझ्या मते स्वतंत्र कलावंताच्या चरितार्थाचा कणा येथेच आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्पवर श्रोता गाणी विकत घेतो आणि डिजिटल विक्रीतून ती सेवा साधारण पंधरा टक्के, तर वस्तूंच्या विक्रीतून दहा टक्के ठेवते. त्याशिवाय पैसे हस्तांतराचे शुल्क वजा होते. पॅट्रिऑन २०१३ मध्ये सुरू झाले. त्याचे एक संस्थापक जॅक काँटे स्वतः संगीतकार आहेत. तेथे श्रोते दरमहा ठरावीक रक्कम देतात. जे गाणे हजारदा ऐकले गेल्यावर नाममात्र पैसे देते, तेच एका माणसाने विकत घेतल्यास पुष्कळ अधिक देते, हा यातला मुख्य फरक आहे.

अमेरिकन लेखक केविन केली यांनी २००८ मध्ये मांडलेला हजार सच्च्या चाहत्यांचा हिशेब या संदर्भात नेहमी सांगितला जातो : वर्षाला शंभर डॉलर खर्च करणारे हजार चाहते मिळाले, तर कलावंताचे भागते. हा विचार उभारी देणारा आहे, पण त्यात खर्च आणि श्रम यांचा तपशील मागे पडतो. दर महिन्याला नवे गाणे, खास चित्रफीत आणि घरपोच पत्र, असे भरघोस आश्वासन देऊन सहा महिन्यांत थकून गेलेले कलावंत मी पाहिले आहेत. आश्वासन कमी द्यावे आणि ते नेमाने पाळावे. तालमीचे कच्चे ध्वनिमुद्रण अनेक चाहत्यांना तयार गाण्याइतकेच प्रिय असते.

व्हिडिओंचे थोडक्यात सांगतो. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि मागील बारा महिन्यांत ४,००० तासांचे प्रेक्षण लागते, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सची १ कोटी प्रेक्षणे. मोठ्या व्हिडिओंवर ५५ टक्के आणि शॉर्ट्सवर ४५ टक्के वाटा मिळतो. दुसऱ्याचे गाणे गाऊन टाकल्यास रचनेचे पैसे मूळ हक्कधारकांकडे जातील, हे गृहीत धरावे.

याहून महत्त्वाचे म्हणजे श्रोत्यांचे ईमेल पत्ते, त्यांच्या संमतीने, स्वतःच्या वहीत जमा करावेत. कोणतीही सेवा आपल्या मालकीची नसते. एकेकाळी स्वतंत्र कलावंतांचे मोठे ठिकाण असलेल्या मायस्पेसने २०१६ पूर्वी चढवलेले संगीत गमावल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. अनेकांकडे त्या ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रत नव्हती, आणि तेथे जमलेल्या श्रोत्यांशी बोलण्याचा दुसरा मार्गही नव्हता.

प्रश्न : मी नोकरी करून संगीत करतो. गेल्या वर्षी संगीतातून मिळालेली रक्कम माझ्या पगाराच्या निम्मी होती. आता नोकरी सोडावी का?

उत्तर : ती निम्मी रक्कम कशी आली, यावर उत्तर अवलंबून आहे. एकाच मोठ्या कामातून आली असेल, तर ते काम पुन्हा मिळेलच असे नाही. कार्यक्रम, शिकवणी, विक्री, परवाने आणि रॉयल्टी अशा चार-पाच वाटांनी आली असेल, तर तिच्यावर थोडा अधिक भरवसा ठेवता येईल. रॉयल्टी वापरानंतर कित्येक महिन्यांनी हाती येते आणि कार्यक्रम हंगामी असतात. म्हणून वार्षिक बेरजेपेक्षा आपला सर्वात वाईट महिना कोणता होता, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. त्या महिन्यासारखे सहा महिने ओळीने आले तरी निभावेल इतकी शिल्लक असावी. कर आणि वाद्यदुरुस्ती यांसाठी प्रत्येक रकमेतून हिस्सा बाजूला ठेवावा. नोकरीत आठवड्याचे दिवस कमी करून मिळत असतील, तर वर्षभर तसे करून पाहावे. कारण मोकळे झालेले दिवस खरोखर संगीताच्या कामात जातात की नाही, हे अनुभवाशिवाय कळत नाही.

आपल्या पत्रात मिळकतीचा आकडा आहे. ध्वनिमुद्रण, प्रवास, साथीदारांचे मानधन आणि वितरकाची वर्गणी यांवर झालेल्या खर्चाचा कोठेही उल्लेख नाही. गेल्या बारा महिन्यांचा तो खर्च महिनावार मांडून वजा करावा आणि जो आकडा उरेल, त्याची पगाराशी तुलना करावी. राजीनामा त्यानंतर लिहावा.